नळी लागली म्हणून घास थांबत नाही
(हैदराबादला कॅन्सरचे उपचार घेणाऱ्या आपल्या सभासदांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी)



आपल्या पेजवर बहुतेक वेळा मत्स्यबीज, तलावाचा ठेका, डिझेल, जाळी, पाऊसपाणी हेच विषय असतात. आजचा विषय वेगळा आहे, पण आपल्याच घरातला आहे. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो ग्रुपवर येतो. नाकात नळी, गाल बसलेले, डोळे खोल गेलेले. खाली लगेच मेसेज सुरू होतात. "आता काही खरं नाही", "नळी लागली म्हणजे शेवटचं आलं". हे मेसेज तो माणूसही वाचतो आणि त्याची बायकोही वाचते.

मंडळी, तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये नळी ही बहुतेक वेळा उपचाराचाच भाग असते. घशातून घास उतरत नाही तेवढ्या दिवसांत पोटात अन्न जात राहावं आणि उपचार मध्येच तुटू नयेत, एवढ्यासाठी ती घालतात. ती नीट वापरता आली तर माणूस उपचार पूर्ण करतो. नळीला घाबरून उपाशी राहिला तर उपचार अर्धे राहतात. म्हणून आज हा लेख जरा मोठा आहे. लागेल तेव्हा काढून वाचायला सेव्ह करून ठेवा.

हा आजार आपल्याकडे एवढा का?

भारतात पुरुषांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये तोंडाच्या कॅन्सरचा नंबर सगळ्यात वर आहे. कारण सगळ्यांना ठाऊक आहे: तंबाखू-चुना, गुटखा, खर्रा, मावा, विडी, आणि बायकांमध्ये मिश्री. रात्रभर पाण्यावर जागायचं, झोप येऊ नये म्हणून गालात तंबाखूची चिमूट धरायची, ही सवय आपल्या धंद्यात जुनी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर काय मिळतं ते वेगळं सांगायला नको. आर. आर. आबा पाटील २०१५ साली तोंडाच्या कॅन्सरने गेले. शरद पवारांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन २००४ साली झालं आणि त्यानंतर त्यांनी दोन दशकं राजकारण केलं. आजार तोच, पण तो केव्हा सापडला आणि उपचार पूर्ण झाले का, यावर पुढचं बरंच ठरतं.

हैदराबादची वाट

कोकणातल्या आपल्या भावांना परळचं टाटा जवळ पडतं. पण नांदेड, हिंगोली, परभणी, लातूरकडच्या गोदाकाठच्या भोई मंडळींना आणि विष्णुपुरी, येलदरी, सिद्धेश्वर, मानारच्या जलाशयांवर मासेमारी करणाऱ्यांना हैदराबाद सोयीचं. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. नांदेड रेल्वे विभागाचा कारभारही सिकंदराबादहूनच चालत आलाय. रात्रीची गाडी धरली की सकाळी सिकंदराबाद.

तिथे रेड हिल्सला एमएनजे कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९५५ साली सुरू झालेलं, आता तेलंगणा सरकारचं मोठं कॅन्सर केंद्र. बंजारा हिल्सला बसवतारकम इंडो-अमेरिकन कॅन्सर हॉस्पिटल आहे. एन. टी. रामाराव यांच्या पत्नी कॅन्सरने गेल्या, त्यांच्या नावाने ते उभं राहिलं आणि २००० साली सुरू झालं. पंजागुट्ट्याला निम्स आहे. सगळीकडे हिंदी चालते. आपल्याला तेलुगू येत नाही म्हणून प्रश्न मनात ठेवू नका. आणि कुठेही दाखल झालात तरी पहिल्या आठवड्यातच विचारा, "आहारतज्ज्ञांना कुठे भेटायचं?" औषधाच्या चिठ्ठीइतकीच ती भेट महत्त्वाची आहे.

वजन का टिकवायचं?

रेडिएशन, म्हणजे आपण ज्याला 'लाईट देणं' किंवा 'शेक' म्हणतो, ते तोंडा-घशासाठी साधारण सहा ते सात आठवडे चालतं. आठवड्यात पाच दिवस, एकूण ३० ते ३५ वेळा. पहिले दोन आठवडे माणूस बऱ्यापैकी जेवतो. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं, लाळ चिकट होते किंवा आटते, चव जाते, पाणी गिळतानाही आग होते. सोबत किमो असेल तर मळमळ वेगळी.

शेक देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मास्क बनवतात. माणूस फार सुकला की तो मास्क ढिला पडतो. मग किरण ठरल्या जागीच पडतील याची खात्री राहत नाही. पुन्हा मास्क, पुन्हा स्कॅन, पुन्हा सगळं माप, आणि त्यात दिवस जातात. अशक्तपणामुळे शेक मध्येच थांबवावा लागला तर त्याचा परिणाम कमी होतो, कारण त्या खंडात कॅन्सरच्या पेशी परत वाढायला लागतात. म्हणून डॉक्टर "वजन किती?" असं दर आठवड्याला विचारतात. घरीसुद्धा आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी वजन करा आणि वहीत लिहा. तीन-चार आठवड्यांत दोन-तीन किलो उतरलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता सांगा.

नळी दोन प्रकारची

पहिली नाकातून पोटात जाणारी. दवाखान्यात तिला राईल्स ट्यूब म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी जॉन राईल नावाच्या इंग्रज डॉक्टरने ती वापरात आणली, म्हणून हे नाव. ऑपरेशन लागत नाही, खाटेवरच घालतात. घालताना पाच मिनिटं त्रास होतो, एक-दोन दिवस घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, मग सवय होते. थोडे आठवडे लागणार असेल तर हीच.

दुसरी पोटावरून थेट जठरात जाणारी, तिला पेग म्हणतात. ही पद्धत १९८० च्या सुमारास अमेरिकेत सुरू झाली. दुर्बिणीने पोटाला छोटं छिद्र पाडून बसवतात. महिना-दीड महिन्यापेक्षा जास्त काळ नळी लागेल असं दिसलं तर डॉक्टर पेग सुचवतात. सदऱ्याखाली झाकली जाते, चेहऱ्यावर काही दिसत नाही, खोकल्याने निसटत नाही. कोणती घालायची ते डॉक्टर ठरवतील, पण दोन्हींबद्दल विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

दिवसाला किती लागतं?

उपचार घेणाऱ्या माणसाला साधारण किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या माणसाचा हिशेब केला तर दिवसाला १२५० ते १५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. नुसतं नारळपाणी, भाताची पेज आणि मोसंबीचा रस यावर हा हिशेब कधीच पुरा होत नाही. पोट भरल्यासारखं वाटतं आणि माणूस सुकत जातो. घराघरात हीच चूक होते.

या बाबतीत हैदराबादचा आपल्याला आणखी एक उपयोग आहे. तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला एका खोलीत सुरू झालेली ही संस्था १९५८ ला हैदराबादला आली. आपण खातो त्या धान्यात, डाळीत, मासळीत काय किती आहे, हे मोजून त्यांनी २०१७ साली ५२८ पदार्थांचे तक्ते काढले. देशभरचे आहारतज्ज्ञ ते तक्ते वापरतात.

याच संस्थेचं 'हैदराबाद मिक्स' प्रसिद्ध आहे. भाजलेले गहू ४० ग्रॅम, भाजलेली हरभऱ्याची डाळ १६ ग्रॅम, शेंगदाणे १० ग्रॅम, गूळ २० ग्रॅम. एवढ्यात ३३० कॅलरी आणि सुमारे ११ ग्रॅम प्रथिनं मिळतात. ते कुपोषित लेकरांसाठी तयार केलं होतं. पण धान्य, डाळ, तेलबी आणि गोड हे चार एकत्र आले की थोड्या अन्नात जास्त ताकद बसते, हे तत्त्व नळीच्या जेवणालाही लागू पडतं.

एक अडचण असते. भरड पीठ शिजवलं की घट्ट होतं आणि नळीत अडकतं. पाणी वाढवून पातळ केलं तर ताकद कमी होते. त्यावर उपाय आपल्या आज्यांनाच माहीत होता: ज्वारी किंवा नाचणी भिजवून मोड आणायचे, वाळवून, भाजून, बारीक दळायचं. मोड आलेल्या धान्याचं पीठ शिजवल्यावर तेवढं घट्ट होत नाही. साध्या लापशीत या पिठाचा एक चमचा घालून थोडं हलवलं तरी ती सैल होते.

५० किलोच्या माणसाचा एक दिवस कसा दिसू शकतो, ते बघा:

▪️ सकाळी ७: दूध २०० मिली + मोडाचं नाचणी पीठ २० ग्रॅम शिजवून + साखर २ चमचे
▪️ ९.३०: दूध १५० मिली + पूर्ण उकडलेलं १ अंडं + साखर १ चमचा, मिक्सरमधून
▪️ दुपारी १२: तांदूळ २५ ग्रॅम + मूगडाळ २० ग्रॅम मऊ शिजवून + काटे काढलेला उकडलेला मासा ५० ग्रॅम + तेल २ चमचे
▪️ २.३०: हैदराबाद मिक्स ४० ग्रॅम + दूध १५० मिली, शिजवून, गाळून
▪️ ५.३०: तांदूळ २५ ग्रॅम + मूगडाळ २० ग्रॅम + भोपळा किंवा गाजर + तेल २ चमचे
▪️ रात्री ८.३०: दूध २०० मिली + साखर २ चमचे

(चमचा म्हणजे ५ मिलीचा लहान चमचा. धान्य-डाळीची वजनं कच्च्या मालाची.)

सगळं मिळून साधारण १४०० कॅलरी आणि ५५ ते ६० ग्रॅम प्रथिनं होतात. प्रत्येक वेळचं जेवण पाणी घालून २५०-३०० मिलीपर्यंत आणा, मिक्सरमध्ये अगदी बारीक करा, आणि दोनदा गाळा: एकदा स्टीलच्या गाळणीतून, एकदा धुतलेल्या मलमलीच्या फडक्यातून.

हा फक्त नमुना आहे. शुगर, किडनी किंवा लिव्हरचा त्रास असेल, दूध पचत नसेल तर प्रमाण बदलतं. आहारतज्ज्ञांना हा कागद दाखवा आणि तुमच्या माणसाचं प्रमाण लिहून घ्या.

⚠️ आठ-दहा दिवस पोटात जवळजवळ काहीच गेलं नसेल तर पहिल्याच दिवशी भरपेट देऊ नका. उपाशी शरीराला एकदम अन्न मिळालं की रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस झपाट्याने उतरतं आणि हृदयावर ताण येतो. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीत थोडं थोडं वाढवतात.

डब्यातली तयार पावडर परवडत असेल तर चांगली. मोजमाप ठरलेलं असतं, नळी कमी तुंबते. पण डबा जास्त दिवस पुरावा म्हणून सहा चमच्यांच्या जागी तीन टाकले तर पैसे गेले आणि पोषणही गेलं. परवडत नसेल तर घरचं नीट मोजून दिलेलं जेवण चालतं.

मासा चालतो का?

चालतो, आणि आपल्या घरात तो सगळ्यात हाताशी आहे. १०० ग्रॅम गोड्या पाण्याच्या मासळीत १७ ते २० ग्रॅम प्रथिनं असतात. नळीसाठी मरळ उत्तम, कारण तिच्या मांसात बारीक काटे कमी. रोहू-कटल्याला मधले काटे फार, ते हाताने एकेक काढावे लागतात. मासा ताजा हवा. मीठ अगदी थोडं, तिखट-मसाला नाही. उकडायचा, हाताने चाचपून काटे काढायचे, मग मिक्सर, मग दोनदा गाळणं. सुकट, सुका बोंबील नळीसाठी वापरू नका, त्यात मीठ आणि रेती असते.

मरळीवरून आणखी एक गोष्ट. मृग लागला की हैदराबादला नामपल्लीच्या एक्झिबिशन मैदानावर बत्तिनी कुटुंबाचा 'मासा प्रसाद' असतो. मरळीच्या जिवंत पिल्लाच्या तोंडात औषधाची गोळी घालून ते गिळायला देतात. तो दम्यासाठी देतात आणि त्याला वैद्यकीय पुरावा नाही. "हैदराबादला आलोच आहोत तर आमच्या पेशंटलाही देऊ का?" असं आपल्यातले काही जण विचारतात. देऊ नका. ज्याला पाणी गिळता येत नाही त्याच्या घशात जिवंत मासा घालणं म्हणजे श्वास अडकवणं आहे. तीच मरळ उकडून, गाळून नळीतून द्या. अंगी लागेल.

नळीतून देताना

१. साबणाने हात धुवा. भांडी, मिक्सरचं भांडं, सिरिंज गरम पाण्याने धुतलेली हवी. पाणी उकळून गार केलेलं.

२. नाकाच्या नळीवर नाकपुडीपाशी पेनाने खूण करून ठेवा. प्रत्येक वेळी आधी खूण बघा. ती सरकली असेल, नळी तोंडात गुंडाळलेली दिसली, किंवा जराही शंका आली तर पाण्याचा थेंबही देऊ नका. दवाखाना गाठा. नळी पोटाऐवजी श्वासनलिकेत असेल तर अन्न फुप्फुसात जातं. घरी जागेची तपासणी कशी करायची ते डिस्चार्जच्या आधी नर्सकडून स्वतःच्या हाताने शिकून घ्या. घरातल्या दोघांनी तरी शिका.

३. माणसाला बसवा. बसवत नसेल तर उशा लावून डोकं-छाती उंच करा. आडवं झोपवून कधीही देऊ नका. जेवणानंतरही तासभर तसंच बसू द्या.

४. आधी ३० मिली पाणी. मग ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून तिच्यात जेवण ओता आणि आपोआप उतरू द्या. दट्ट्याने जोरात ढकलू नका. एका जेवणाला १५-२० मिनिटं लागू द्या. घाईने दिलं तर उलटी, पोटफुगी, जुलाब होतात.

५. शेवटी परत ३० मिली पाणी, मग झाकण. दोन जेवणांच्या मध्येही पाणी द्या. मराठवाड्याच्या आणि हैदराबादच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की लघवी पिवळी होते, बद्धकोष्ठ होतो.

६. केलेलं जेवण बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. फ्रिजमध्ये २४ तास चालेल. देताना कोमट असावं, गरम नाही.

७. गोळ्या जेवणात मिसळू नका. एकेक गोळी वेगळी कुटून पाण्यात विरघळवा, आणि दोन औषधांच्या मध्ये पाणी द्या. काही गोळ्या कुटायच्या नसतात, त्यांचा परिणाम बदलतो. "ही कुटली तर चालेल का? सिरप मिळेल का?" हे विचारून घ्या.

तोंडाने जेवत नसला तरी तोंड साफ ठेवायचं. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या करायच्या, गिळायचं नाही. गुळणी जमत नसेल तर ओल्या कापसाने पुसून घ्या. नाकाची पट्टी रोज बघा, ओली किंवा सैल झाली की बदला. पेग असेल तर भोवतालची कातडी रोज साबण-पाण्याने धुऊन कोरडी करा.

नळी तुंबली, निसटली तर

तुंबली तर कोमट पाणी सिरिंजमध्ये घेऊन हळू आत-बाहेर करा, थोडा वेळ थांबा, परत करा. तार, सुई, काडी घालू नका. नळी फाटते आणि आतून जखम होते. कोल्ड्रिंकही ओतू नका.

नाकाची नळी निघाली तर स्वतः परत घालू नका. पेग निघाली तर मात्र घाई करा. पोटावरचं छिद्र काही तासांतच आवळायला लागतं. स्वच्छ कापड लावा, निघालेली नळी सोबत घ्या आणि लगेच दवाखाना गाठा. गावाहून हैदराबाद लांब, म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच विचारून ठेवा की नांदेड-लातूरला हे काम कुठे होईल.

🚨 लगेच दवाखान्यात न्या: जेवण देताना ठसका, धाप किंवा ओठ निळे पडणं, सारखी उलटी, ताप आणि खोकला, पोट ताठ फुगणं, काळी शौच किंवा नळीतून रक्त, पेगभोवती लाली, पू, दुखणं.

कानावर पडणाऱ्या गोष्टी

"साखर दिली की कॅन्सर वाढतो." साखर बंद करून कॅन्सर उपाशी मरतो याला पुरावा नाही. तोवर माणूस मात्र सुकतो. शुगरचा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टरांचं ऐका.

"मासे-अंडी गरम पडतात, पथ्य पाळा." याच दिवसांत शरीराला प्रथिनं सगळ्यात जास्त लागतात. शेकाने सोललेली कातडी भरून यायला तीच कामी येतात.

"नळीची सवय लागली की तोंडाने जेवता येत नाही." थोडं खरं यात आहे. गिळण्याचे स्नायू वापरले नाहीत तर आखडतात. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर नळी असतानाही घोट-घोट पाणी पीत राहायचं, आणि गिळण्याचे व तोंड उघडण्याचे व्यायाम रोज करायचे. हे व्यायाम शिकवणारे थेरपिस्ट मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात असतात. मात्र मनाई असेल तर चोरून चहाचा घोटही नको.

घरातलं मन

आपल्या घरात जेवण म्हणजे माणसं. जाळं ओढून आल्यावर कालवणाचा वास, ताटाभोवती बसलेली लेकरं. त्या घरात एकाने सिरिंजने जेवायचं, हे त्याला आतून खातं. काही माणसं म्हणूनच नळी उपसून काढतात. बायको मग त्याच्यासमोर जेवत नाही, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोन घास उभ्याने गिळते. दोन महिन्यांत ती पण आजारी पडते.

त्यालाच विचारा. काहींना सगळ्यांसोबत बसायला आवडतं, काहींना फोडणीचा वासही सहन होत नाही. त्याच्या नळीच्या जेवणाची वेळ आणि घरच्या जेवणाची वेळ एक करता येते. लेकरांना नळी दाखवा, समजावून सांगा. ती माणसांपेक्षा लवकर सरावतात. भेटायला येणाऱ्यांनी "अरेरे, काय हाल झाले" म्हणण्याऐवजी बाजार काय लागला, ठेक्याचं काय झालं ते सांगा. त्याला जमेल तसं काम द्या. काठावर बसून जाळं शिवणं, लिलावाचा हिशेब लिहिणं नळी असतानाही होतं. धरणाच्या, नदीच्या पाण्यात मात्र उतरायचं नाही.

दुखणं सहन होत नसेल तर गप्प राहू नका. एमएनजेमध्ये दुखणं कमी करणारा पॅलिएटिव्ह केअर विभाग आहे. तिथे जाणं म्हणजे शेवट जवळ आला असं नाही. दुखणं कमी झालं की झोप लागते, अन्न पचतं, शेक पूर्ण होतो.

पैसा, प्रवास आणि आपली संस्था

▪️ महात्मा फुले जन आरोग्य योजना आपल्या राज्यातल्या यादीतल्या हॉस्पिटलांसाठी आहे. हैदराबादला जाणार असाल तर आयुष्मान कार्ड आधी काढा आणि त्या हॉस्पिटलात तुमच्या उपचाराला ते चालेल का, हे दाखल होण्याआधी विचारा.
▪️ मच्छीमारांचा गट विमा अपघातासाठी आहे, आजारासाठी नाही. त्याच्यावर विसंबू नका.
▪️ रेल्वेत उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीला १०० टक्के सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. हॉस्पिटलच्या ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, पहिल्याच भेटीत मागून घ्या.
▪️ हैदराबादला खोली घेऊन राहणार असाल तर लहान मिक्सर, गाळणी, मलमल, दोन सिरिंज, थर्मास आणि वजनाची वही सोबत न्या.

आणि संस्थांना एक सूचना. सभासद आजारी पडला की आपण वर्गणी काढतो, ते चांगलंच. पण सहा-सात आठवडे त्याची होडी बांधलेली राहते. ती पाळीपाळीने चालवून त्याचा वाटा घरी पोचवता आला, एखाद्या घराने आठवड्याला दोन वेळा ताजी मरळ, अंडी, दूध दिलं, तर वर्गणीपेक्षा जास्त उपयोग होतो. एक मिक्सर आणि वजनकाटा संस्थेने घेऊन ठेवला तर घरोघर फिरवता येईल.

नळी निघते केव्हा?

शेक संपल्यावर लगेच नाही. तोंड भरून यायला काही आठवडे लागतात. आधी घोट, मग पेज, मग मऊ भात-वरण. तोंडाने पुरेसं जाऊ लागलं आणि वजन टिकलं, की डॉक्टर नळी काढतात. काहींना ती महिनोन् महिने लागते, काहींना कायमची. कायमची असली तरी माणूस घरात असतो, लेकीच्या लग्नात बसतो, पोराला जाळ्याची गाठ शिकवतो.

आता आरसा घ्या आणि तोंड बघा. दोन-तीन आठवडे न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीसारखं न उघडणं, गळ्यात गाठ, आवाज बसलेला: यातलं काही असेल तर सीझन संपायची वाट बघू नका. आणि गालातली चिमूट आजच थुंका.

हा लेख ज्या घरात लागेल त्या घरापर्यंत पोचवा. मिक्सर-वजनकाट्यासाठी किंवा होडी पाळीने चालवायला कोणती संस्था तयार आहे, ते खाली कमेंटमध्ये लिहा.

जय मल्हार, जय मच्छीमार! 🐟